ताटातला पक्षी कुणाचा?

वेळणे बंदराच्या देसाईणबाईंचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. खाडीच्या तोंडाशी इंग्रजांचं जहाज तोफा रोखून उभं होतं आणि त्याचा कप्तान त्यांच्याच सदरेवर ऐसपैस बसला होता. समोर जहाजावरून आणवलेला भाजलेला पक्षी, शेजारी फ्रेंच, डच आणि पोर्तुगीज व्यापारी.

कप्तान म्हणाला, "बाई, आमच्या नकाशात या खाडीला आमच्या राजाचं नाव आहे. ज्याचं नाव, त्याची खाडी. उद्या बंदर सोडा."

येरझाऱ्या घालणाऱ्या बाई थबकल्या. "या पक्ष्याला काय म्हणता?"

"टर्की. म्हणजे तुर्कांचा."

"छे! आमच्यात त्याचं नावच हिंदचा कोंबडा," फ्रेंच म्हणाला.

"आमच्यात कालिकतचा," डच म्हणाला.

"आम्ही तर पेरू म्हणतो, त्या देशावरून!" पोर्तुगीज उसळला. चौघांची चांगलीच जुंपली.

बाईंनी खूण केली. गड्याने कप्तानापुढचं ताट उचललं.

"अरे, कुठे नेतोस?"

"तुर्कांकडे," बाई म्हणाल्या. "ज्याचं नाव, त्याचा पक्षी."

कप्तान ओरडला, "नाव कुणाचंही असो! ताट माझं, म्हणून पक्षी माझा!"

तिघे व्यापारी खो खो हसले. बाईंनी ताट परत ठेवायला लावलं.

"पटलं. गाव माझं, म्हणून खाडी माझी. जेवा आता, निवतंय."