पाठ टेकली का?

एका गावात एक पैलवान होता आणि त्याच्या मांडीत जंतूंची एक टोळी होती. ही गोष्ट त्यांच्या कुस्तीची.

पैलवानाचं नाव सर्जेराव. मांडीला गळू झालं, ताप चढला, म्हणून तो इस्पितळात दाखल झाला. डॉक्टरीणबाईंनी गळू फोडलं, इंजेक्शन सुरू केलं. काय सांगू, जंतूंची नुसती दाणादाण उडाली! लाखांनी मेले. पण त्यांच्यात पाच-दहा जन्मतःच चिवट होते. औषधानं तेही गुडघ्यावर आले, पण मेले नाहीत. आणखी चार दिवस मारा चालू राहिला असता, तर त्यांचाही निकाल लागला असता.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. बाईंनी चार दिवसांच्या गोळ्या देऊन त्याला घरी सोडलं. "एकही चुकवायची नाही," असं दोनदा बजावलं. पण जत्रा पंधरा दिवसांवर आली होती आणि चांदीची गदा लागली होती. गोळ्यांनी अंगातला जोर जातो, असं आमच्या पैलवानाच्या डोक्यात. त्यानं गोळ्या तालमीच्या कोनाड्यात ठेवल्या आणि लंगोट कसला.

इकडे मांडीत चिवट जंतू उठून बसले! अर्ध्या तासात एकाचे दोन, दोनाचे चार. बाकीचे मेल्यामुळे जागा मोकळी, आणि नवी पिलावळ सगळी चिवटांचीच, त्यातली काही तर आईबापांहूनही चिवट. घरी गेल्यापासून पाचव्या दिवशी सर्जेरावाला जीपमध्ये आडवं घालून इस्पितळात परत आणलं.

तेच इंजेक्शन पुन्हा दिलं. दोन दिवस झाले तरी जंतू जागचे हलेनात! पू तपासायला पाठवला, तेव्हा कळलं की आता एकच औषध लागू पडेल. सिस्टरनी त्याची खाट कोपऱ्यात नेली, कारण असले जंतू हाताला लागून शेजारच्या खाटेवर जातात.

"हे चौदा दिवस घ्यायचं," बाई म्हणाल्या. "याच्यापुढे माझ्याकडे औषध नाही. मग पाय कापावा लागेल."

"पण ताप उतरला हुता की! मी जिंकलो हुतो!" सर्जेराव रडकुंडीला आला.

पायथ्याशी त्याचे म्हातारे दौलू वस्ताद बसले होते. ते एवढंच म्हणाले, "त्याची पाठ टेकली हुती का रं?"

सर्जेरावानं मान खाली घातली. समोरच्याची पाठ मातीला लागल्याशिवाय कुस्ती संपत नाही, हे तर त्याला पहिल्याच दिवशी वस्तादांनी शिकवलं होतं.

नव्या औषधाच्या पाचव्या दिवशी पुन्हा ताप उतरला. आठव्या दिवशी जत्रा. गावकरी गाडी घेऊन दारात हजर! "चला पैलवान, ठणठणीत दिसताय की!" हलगी इस्पितळापर्यंत ऐकू येत होती. सर्जेरावाचे दंड फुरफुरले. तो उठून बसला. सगळा वॉर्ड श्वास रोखून बघत होता.

"न्हाई," तो म्हणाला. "माझी कुस्ती हितं चाललीय." आणि परत आडवा झाला. शाब्बास रे गड्या!

गदा दुसऱ्यानं नेली. चौदावा दिवस पार पडला, पुन्हा तपासणी झाली. बाई कागद घेऊन आल्या.

"बाई, टेकली का पाठ?"

"टेकली!"

सर्जेरावानं खाटेवर बसूनच बऱ्या मांडीवर असा शड्डू ठोकला, की सिस्टर ओरडतच धावत आल्या.

तात्पर्य: बरं वाटलं म्हणून औषध अर्ध्यावर सोडू नये. डॉक्टर सांगतील तितके दिवस ते घ्यावं, कारण अर्धमेला सोडलेला शत्रू त्या औषधाला न जुमानणारी फौज घेऊन परत येतो.