हौदात परत गेलेले ताव

नदीकाठच्या एका कसब्यात एकदा हाताने कागद करणारा एक वृद्ध कागदी उरला होता. ‘राहत होता’ असेही म्हणता आले असते. परंतु जेथे पूर्वी चाळीस हौदांवर कागद होत असे, तेथे आता एकाच हौदावर होत होता, म्हणून ‘उरला होता’ हेच अचूक. जुनी गोणपाटे, झिजलेले दोरखंड आणि चिंध्या चुन्याच्या पाण्यात भिजवाव्यात, कुटून त्यांचा लगदा करावा, तो हौदातील पाण्यात कालवावा आणि बारीक काड्यांच्या साच्यावर एकेक ताव उचलावा, हे त्याच्या घराण्याचे काम. त्याच्यापाशी एकच शिष्य होता. तिशीचा, दोन मुलींचा बाप.

गेली दोन वर्षे वृद्धाला एका विलक्षण कृत्याची सवय जडली होती. सकाळी तो बारा ताव उचलून भिंतीवर वाळवी. सायंकाळी ते एकेक करून उजेडाकडे धरी, बारकाईने निरखी, आणि नंतर सगळे पुन्हा हौदात बुडवी. सकाळपर्यंत त्यांचा लगदा झालेला असे. त्यातूनच पुन्हा बारा ताव. विक्रीच्या कागदाला पूर्वी खळ लावून तो दगडाने घोटीत असे. या तावांना मात्र खळीचा स्पर्शही होऊ देत नसे.

“उस्ताद, गल्लीतले लोक हसतात आपल्याला,” शिष्य एकदा न राहवून म्हणाला. “म्हणतात, म्हाताऱ्याने कागदाचं दळण मांडलंय.”

“हसू दे. तेवढीच त्यांची करमणूक.”

“पण केलेला कागद बुडवायचा कशाला?”

“तू आधी हात बघ. तुझ्या तावाचा डावा कोपरा आजही जाड आलाय.”

कागद विकला का जात नाही, हे विचारण्याची आवश्यकता नव्हती. समुद्रापलीकडून गिरणीचा कागद येऊ लागला होता. तो स्वस्त होता हे खरे. पण केवळ स्वस्त म्हणून लोकांनी तो घेतला, असे नव्हे. अर्ज आणि दस्तऐवज गिरणीच्याच कागदावर असावेत, असा कचेरीचा हुकूम निघाला होता. हातकागदावरचा अर्ज कारकून न वाचताच परत करी.

एके दिवशी दुपारी त्या गिरणीचा व्यापारी स्वतःच वृद्धाच्या दारी आला. दोन बंदूकधारी शिपाई अंगणात उभे राहिले.

“तुमचा शिष्य आम्हांला हवा आहे,” व्यापारी म्हणाला. “गावोगावच्या चिंध्या गोळा करायच्या आहेत. चांगली चिंधी बोटांनी ओळखणारा माणूस आमच्याकडे नाही. आमची गाडी तासाभरात निघेल.”

वृद्धाने त्याला बसायला घोंगडी दिली. “चिंध्या? तुमच्या मुलखात काय, कपडे फाटतच नाहीत?”

व्यापारी हसला. “फाटतात. पण गिरणीला पुरत नाहीत. ती एका दिवसात जेवढा कागद करते, तेवढा तुम्ही जन्मभरात करणार नाही.”

“आणि त्यावर लिहितं कोण? तुमच्याकडे सगळ्यांनाच एवढं सांगायचं असतं?”

“आमच्याकडे तो खपून उरतो, म्हणून तर इथे आणतो.”

“मग थोडा कमी करा.”

“गिरणी थांबवता येत नाही. आम्ही थांबलो, तर शेजारच्या देशाची गिरणी आमचं गिऱ्हाईक नेईल. त्यांचीही जहाजं निघाली आहेत.”

“आणि हे बंदूकवाले? कागदाला कुणाची भीती?”

“रस्ता सुरक्षित राहावा म्हणून.”

“तुम्ही यायच्या आधी आमचा रस्ता सुरक्षितच होता, साहेब.”

व्यापाऱ्याने खिशातले घड्याळ काढून पाहिले. इथली भाषा तो शुद्ध बोलत असे. ‘पुरे’ हा एक शब्द तेवढा त्याच्या तोंडी कधी कोणी ऐकला नव्हता. त्याचे डोळे जागरणाने लाल झाले होते. वृद्धाने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. “प्या. दमलात तुम्ही.”

व्यापारी गाडीकडे गेला. शिष्य मान खाली घालून उभा होता.

“उस्ताद, धाकटीला दूध मिळत नाही.”

“ठाऊक आहे मला. जा. मी अडवत नाही.” वृद्धाने शिष्याचा साचा पुसून खुंटीला टांगला. “हा इथेच राहील.”

शिष्य गेला, आणि त्याने ते काम उत्तम केले. नऊ वर्षे तो गावामागून गाव फिरला. कोणती गोणपाटे मऊ पडली आहेत, कोणत्या दोरखंडात अजून जीव आहे, हे तो अंधारातही सांगू शकत असे. त्याच्या मागून गाड्या भरभरून बंदराकडे जात. बायकांना गोधडीत घालायला चिंधी मिळेनाशी झाली. बंद पडलेल्या हौदांवरची माणसे आगगाडीच्या रुळांसाठी खडी फोडू लागली. शिष्याच्या मुलींना दूध मिळाले, तेवढे खरे.

पुढे, ज्या शेजारच्या देशाची व्यापाऱ्याला धास्ती होती, त्याच्याशी त्याच्या देशाचे युद्ध जुंपले. जहाजे येईनाशी झाली. व्यापारी एके सकाळी निघून गेला आणि शिष्याची नोकरी संपली. कचेरीतला कागदही संपला. जो कारकून हातकागद परत करीत असे, तोच आता तो कोठे मिळेल, अशी चौकशी करीत फिरू लागला.

शिष्याला वाटले, आता आपले दिवस आले. त्याने सात गावे पालथी घातली. कोठेही मूठभर चिंधी मिळाली नाही. मिळणार कोठून? सातही गावे त्याने स्वतःच धुऊन नेली होती.

रिकाम्या हातांनी तो उस्तादांच्या दारी आला. वृद्ध हौदाच्या काठाशी बसला होता. त्याची दृष्टी अधू झाली होती, हात कापत होते. भिंतीवर सात ताव वाळत होते. हौदाच्या तळाशी थोडा लगदा उरला होता.

“अजून?” शिष्याने विचारले.

“आधी बारा होत, आता सात. थोडं थोडं पाण्याबरोबर जातंच. खळ लावली असती तर विरघळले नसते, म्हणून लावली नाही.”

“चिंध्या मीच नेल्या, उस्ताद.”

“हो. आणि छान निवडून नेल्यास. मीच शिकवलं होतं ना.”

शिष्य खाली बसला. वृद्ध थकलेल्या स्वरात बोलू लागला.

“माणसाला भूक लागते, तशी ती भागतेही. त्यांच्या यंत्राला पोट आहे, पण ते भरल्याचं त्याला कळत नाही. त्याला भरवायला दुसऱ्यांच्या घरातल्या चिंध्या लागल्या, आणि त्याने केलेलं खपवायला दुसऱ्यांची घरं. लोक आपणहून घेईनात, तेव्हा हुकूम आले. हुकमामागे बंदुका आल्या. तो व्यापारी काही राक्षस नव्हता रे. दमलेला माणूस होता. पण दमलेल्या माणसाने नेलं, म्हणून घर कमी रिकामं होत नाही. गिरणीशी स्पर्धा करायला मी वेडा नव्हतो. ती मी पहिल्याच दिवशी हरलो. कागद गेला, याचंही मला एवढं वाटलं नाही. चिंध्या पुन्हा साठतील, माणसं कपडे फाडतातच. पण चाळीस हौदांवरचे हात खडी फोडायला गेले. ते विसरले. विसरलेला हात कुठून आणायचा? म्हणून मी रोज एवढंच राखलं. एक घमेलं लगदा, आणि हे दोन हात. आता तेही कापतात.”

त्याने खुंटीकडे बोट दाखवले. “उतरव तो.”

शिष्याने साचा हौदात घातला. पहिला ताव उचलतानाच फाटला.

“परत टाक.”

दुसरा फाटला. तिसरा साच्यावरून सुटलाच नाही. शिष्याच्या कपाळावर घाम आला. नऊ वर्षे केवळ चिंध्या ओळखणाऱ्या बोटांना आता पाण्याचे वजन कळत नव्हते. वृद्ध प्रत्येक वेळी तेच दोन शब्द म्हणत राहिला. त्याच्या आवाजात राग नव्हता, घाईही नव्हती.

ऊन उतरू लागले तेव्हा एक ताव अखंड निघाला. वृद्धाने तो पाहिला नाही, कारण एवढे बारीक आता त्याला दिसत नव्हते. त्याने कडेकडेने बोट फिरवले.

“डावा कोपरा जाड आहे,” तो म्हणाला.

शिष्याने ताव परत बुडविण्यासाठी साचा उचलला. वृद्धाने त्याचे मनगट धरले.

“हा नको टाकूस. वाळत घाल, आणि खळ शिजव.”

त्या सायंकाळी, पुष्कळ वर्षांनी, त्या हौदातून निघालेला एक ताव बाहेर राहिला.