खंडीला बारा कमी

माळावर मेंढपाळांचा तळ होता. तिथे म्हाळू आणि तिची आई एका फाटक्या पालात राहत. बाप नव्हता. उन्हाळ्यात रोग आला आणि त्यांचा मोठा कळप गेला. उरली आठ मेंढरं.

मेंढपाळ मेंढरं विसांनी मोजतात. वीस म्हणजे एक खंडी. गावातले लोक कशालाही खंडीभर म्हणतात. मेंढपाळाची खंडी म्हणजे वीसच, एकोणीस नाही. ज्याच्या घरी पुरी खंडी, त्यानेच तळाबरोबर पुढे चालायचं, असा रिवाज होता. उद्या सकाळी तळ हिरव्या कुरणांकडे निघणार होता. तळाचे म्होरके सिदू आबा सांगून गेले की खंडीला बारा कमी आहेत, तुम्हाला मागेच राहावं लागेल. आईने विनवणी केली नाही. ती पाठ फिरवून बसली. ओसाड माळावर दोघीच उरणार होत्या, आणि तिथे लांडगे होते.

दुपारी म्हाळूने मेंढरं रानात नेली. करवंदीच्या जाळीत एक कोकरू अडकलं होतं. तिने काटे बाजूला केले. हात ओरबाडले, रक्त आलं, पण कोकरू सुटलं. परकराच्या चिंधीने तिने त्याचे पाय पुसले आणि त्याला आपल्या मेंढरांत घेतलं.

तेवढ्यात जाळीवर सोनेरी झुळूक आली. पानापानावर ठिणग्या चमकल्या आणि एका इवल्याशा पांढऱ्या फुलावर परी उतरली. बोटाएवढी. पंख मोरपिसासारखे निळे-हिरवे, पायांत दवाचे चिमुकले पैंजण.

"काय हवं, बाळ?" परीने हळूच विचारलं.

"आमची खंडी पुरी व्हावी," म्हाळू म्हणाली.

परीने नियम सांगितले. मागणं एकदाच. मोजायचं मागणाऱ्याने. मोजणी खोटी निघाली तर मागणं विरून जाणार. मग तिने कोडं घातलं.

"तुझी आहेत ती, आणखी तितकीच, आणि तितक्यांची निम्मी. सगळी तुझी. मांड खडे."

म्हाळूने पांढरेशुभ्र खडे वेचले. एका मेंढरामागे एक खडा ठेवला. नऊ झाले.

"नऊ धरलेस तर जास्त मिळतील," परी म्हणाली.

म्हाळूने कोकराकडे पाहिलं. त्याच्या डाव्या कानाला बारीक काप होता. ती आबांच्या कळपाची खूण. तिने नववा खडा उचलून बाजूला टाकला.

"ते आबांचं हाय. त्याची आई शोधत असंल."

"पण आहे तर तुझ्या कळपात."

"कळपात हाय म्हनून माझं होतंय व्हय?"

मग तिने आठांखाली आठ मांडले. त्यांच्याखाली चार. हातांची बोटं संपली, पायांची संपली, तेव्हा खडेही संपले. वीस.

परी इवल्या घंटीसारखी हसली. "नऊ म्हणाली असतीस तर निम्मी साडेचार. अर्धं मेंढरू चालतं का गं?"

म्हाळूलाही हसू आलं. खालच्या बारा खड्यांना तोवर कान फुटले, शेपट्या फुटल्या, चांदीसारखी मऊ लोकर आली. बारा मेंढरं उठून पाला खाऊ लागली.

दिवस मावळायच्या आत म्हाळू तळावर पोचली. आधी कोकरू आबांना दिलं. ते धावत आपल्या आईच्या पोटाखाली शिरलं. मग आबांनी एकेका डोक्याला हात लावून तिची मेंढरं मोजली. दोनदा मोजली. शेवटच्या मेंढराच्या कपाळावर परी उजेडाचा ठिपका होऊन बसली होती.

"वीस," आबा म्हणाले. "कुणी दिली?"

"परीनं."

"रिवाजात परी बसत नाही. वीस बसतात. सकाळी पाल उचला, आमच्या मागोमाग चला."

आईने लगेच पालाचे दोर सोडायला घेतले. ती हसत होती. तो ठिपका मोठा झाला, लख्ख झाला, सारा तळ क्षणभर सोन्याचा झाला. त्याच उजेडात परी विरून गेली.

खंडी भरली, गोष्ट सरली.