रायफलीचा आकडा

फार वर्षांपूर्वी डोंगरातल्या एका चौकीत एक रायफल होती. झाडलेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर ओढण्याचं काम तिच्यातल्या पोलादी आकड्याचं. आपण ओढतो म्हणूनच पितळी पुंगळ्या बाहेर येतात, असा त्याला अभिमान होता.

एकदा चौकीत स्वस्तातली पोलादी काडतुसं आली. भरपूर सराव झाला, शिपायांचा नेम सुधारला. "हे पोलादी गडी माझ्या तोडीचे," आकडा म्हणाला. मात्र बार उडाला की त्या पोलादी पुंगळ्यांच्या कडेने धूर मागे शिरे आणि आत काजळी साचे.

एका सकाळी चवताळलेलं अस्वल दारात आलं. शिपाई रायबाने हवेत गोळी झाडली. अस्वल थबकलं, पण हटलं नाही. दुसरी गोळी भरायला जावं, तर पोलादी पुंगळी आत घट्ट रुतलेली. आकड्याने सारा जोर लावला आणि कडकन तुटून तो जमिनीवर पडला. रायबा कसाबसा माळ्यावर चढला म्हणून वाचला.

"असं कसं झालं? हजारो पुंगळ्या ओढल्यात मी," आकडा सुन्न होऊन म्हणाला.

शेजारी पडलेली जुनी पितळी पुंगळी हळूच म्हणाली, "बाबा रे, बार उडाला की आम्ही फुगायचो आणि लगेच आक्रसून सुटायचो. तू नुसता हात लावायचास."