फळ न देणारा ताड

फार पूर्वीची गोष्ट. गाव खाडीच्या या काठाला होतं की त्या, हे आता मला खात्रीनं सांगता येणार नाही. पण ताड होते, एवढं नक्की.

खारट जमिनीत भात तगत नसे, म्हणून लोकांनी बांधांवर ताडाच्या बिया पुरल्या. लावणाऱ्यांचे केस पिकले तेव्हा कुठे पहिला फुलोरा आला. मग मात्र गाव ताडावरच जगू लागलं. उन्हाळ्यात थंडगार ताडगोळे, पिकल्या फळांच्या गराच्या गोड भाकऱ्या, थंडीत पुरलेल्या बियांचे उकडलेले कोंब.

पण निम्म्या झाडांना फळच धरेना. नुसते शेपटासारखे तुरे लोंबत.

"फुकटे आहेत. तोडा!" पाटील म्हणाला.

एकेक ताड आडवा होत गेला. शेवटचा उरला आवडाई म्हातारीच्या अंगणातला. तो तिच्या नवऱ्यानं लावला होता, आणि फुलोरा पाहण्याआधीच नवरा वारला होता.

"आवडाय, हे झाड तुला देतं तरी काय?"

"सावली."

"ताडाची सावली? ती तर शेजाऱ्याच्या छपरावर पडते!" सगळे हसले.

"पडू दे की. शेजारी काय परका आहे?"

पाटील जरा वरमला. "बरं, पुढच्या उन्हाळ्यात एक तरी फळ दाखव. नाहीतर कुऱ्हाड."

पुढचा उन्हाळा आला. बांधांवरच्या फळं देणाऱ्या ताडांवर चढलेली माणसंही रिकाम्या हातांनी उतरली. गाव सोडायची भाषा सुरू झाली. चिडलेला पाटील कुऱ्हाड घेऊन आवडाईच्या अंगणात आला. तिचा ताडही रिकामाच होता.

म्हातारी बुंध्याला पाठ लावून उभी राहिली. "ह्याच्याकडे काय बघता? शेजारी बघा."

शेजाऱ्याचा ताड घडांनी वाकला होता. त्यापलीकडचाही. अंगणाभोवतीची सगळी झाडं लगडली होती.

"हे कसं गं, आवडाय?"

"मला काय ठाऊक! फुलोऱ्यात ह्याची पिवळी धूळ वाऱ्यानं उडत होती. झाडून झाडून हात दुखले माझे. तिकडेच गेली असेल."

पाटलानं कुऱ्हाड खाली ठेवली. त्या वर्षी सगळ्यांनी ताडगोळे वाटून खाल्ले आणि पिकल्या फळांच्या बिया पुन्हा बांधांवर पुरल्या. कुणी गाव सोडलं नाही. पुढे दर उन्हाळ्यात पहिला घड ढोल वाजवत आणून त्याच फळ न देणाऱ्या ताडाच्या बुंध्याशी ठेवू लागले.

बोध एवढाच, की ज्याचं फळ दुसऱ्याच्या शेंड्याला लागतं, त्याला निकामी म्हणू नये.

हे खरंच असं घडू शकतं का, अशी शंका मला बरीच वर्षं होती. पुढे एका जाणकाराला विचारून खात्री करून घेतली. ताडात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि पहिला फुलोरा येईपर्यंत कोणतं कोणतं, ते ओळखू येत नाही.