पाचव्या खाटेवरची जखम

एकदा एक अत्तरांचा व्यापारी मांडीवरची लिंबाएवढी गाठ घेऊन एका वृद्ध शल्यवैद्यांकडे आला. गाठ साधी होती. चालताना दुखे, इतकेच. वैद्यांनी ती चाचपली आणि रोग्याला तसाच सोडून ते परसात जाऊन बसले. व्यापारी जिथे लघवीला बसला होता, तिथे मुंग्यांचा काळा थर जमला होता. वैद्य बराच वेळ तो पाहत राहिले.

"मधुमेह आहे," परत येऊन ते म्हणाले. "दोन महिने इथेच राहा. जवाची भाकरी, कारल्याचा रस, झेपेल तेवढे चालणे. मुंग्या यायच्या थांबल्या की गाठ काढू."

त्यांचा शिष्य तिशीचा होता, हाताने विलक्षण सफाईदार. त्याला हे मुळीच पटले नाही. गाठ मांडीवर आणि तपासणी परसात! आठवड्याने गुरू परगावी गेले, तेव्हा व्यापाऱ्याने त्याला गाठले.

"वैद्यबुवा, मला मालाबरोबर निघायचंय हो. तुम्हीच काढा ना. एवढीशी तर आहे."

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात; इथे तर दोघेही उतावळे. शिष्याने गाठ काढली. रक्त फार गेले नाही, टाके एका रेषेत पडले. त्याला स्वतःचेच कौतुक वाटले.

चौथ्या दिवशी, भर दुपारी, तो रुग्णांच्या खोलीत शिरला आणि दारातच थबकला. चुन्याच्या भिंतीवरून मुंग्यांची बारीक रांग उतरत होती. खोलीत पाच खाटा होत्या. चार खाटांना वळसा घालून ती रांग पाचवीच्या पायावरून वर चढली होती आणि चादरीखाली दिसेनाशी झाली होती. व्यापारी जागा होता.

"या, वैद्यबुवा," तो हसून म्हणाला. "आज अजिबात दुखत नाही बघा."

शिष्याने चादर उचलली. पट्टी हलत होती.

त्याने मुंग्या झाडल्या, खाटेच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी मुंग्या आढ्यावरून थेट पट्टीवर पडू लागल्या, एकेक, जराही आवाज न करता. टाके जागच्या जागी होते. मात्र त्यांच्यामधली कातडी करडी पडून उकलत चालली होती. आता पाय जाणार, कदाचित माणूसही, हे त्याला कळले.

संध्याकाळी गुरू परतले. त्यांनी टाके काढले, जखम धुतली, रोग्याचे पथ्य पुन्हा सुरू केले. शिष्याने घडले ते सारे, रोग्याच्या हसण्यासकट, सांगितले; तरी त्याला राहवेना.

"गुरुजी, माझा हात कुठे चुकला?"

"हात नाही चुकला. अरे, कापणारे आपण, पण भरून काढणारा वेगळा. तो रोग्याच्या आत राहतो. टाका घालून आपण दोन कडा फक्त जवळ आणतो. त्या जोडणं त्याचं काम. रक्तात साखर साचली की तो दुबळा होतो. त्याला उभं करायला मी दोन महिने मागितले होते, आणि तुला वाटलं, म्हातारा वेळ काढतोय. शिवाय दुखत नाही म्हणून रोगी हसला ना? तिथेच तू घाबरायला हवं होतंस. चार दिवसांची जखम दुखायलाच हवी."

पुढे शिष्य त्या खाटेपासून हलला नाही. कितीतरी दिवस जखमेत काहीच फरक पडेना. मग एका सकाळी कडेला दाण्याएवढे गुलाबी मांस दिसले, आणि तिशीचा तो माणूस रडला. जखम भरायला तीन महिने लागले.

निघताना व्यापाऱ्याने त्याचे दोन्ही हात धरले. "वैद्यबुवा, तुमच्यामुळे पाय वाचला."

चूक कोणाची, हे गुरूंनी व्यापाऱ्याला सांगितले नव्हते.

"शेठजी," शिष्य म्हणाला, "पाय जायची वेळ आली ती माझ्यामुळे. घाई मी केली."

व्यापाऱ्याने विचारले, "मग वाचवला कोणी?"

"तुम्हीच. आम्ही फक्त पट्ट्या बदलल्या."