रफूच्या शाळेतली कसर

वस्त्रांच्या राज्यात सर्वांत जास्त मान कुणाला होता, सांगाल? सुईला. तिथे प्रत्येक कापडाला केव्हा ना केव्हा भोक पडे आणि ते बुजवायला सुईवाचून कुणी नव्हते. म्हणून तिथे रफूची शाळा होती. शाळेच्या मुख्य सुईबाई. त्यांनी घातलेला टाका शोधूनही सापडत नसे. ‘आमच्या कामात कसर नाही’ असे त्यांनी दारावरच्या तोरणावर भरून घेतले होते.

शाळेत आणखी एक विषय होता, जपणुकीचा. तो कडुलिंबाचा वाळलेला पाला शिकवी. त्याला सगळ्या विद्यार्थिनी पालामावशी म्हणत. वर्ग मागच्या पडवीत, शनिवारी शाळा सुटल्यावर भरे. त्याची परीक्षा नव्हती. “पेटी उन्हात घाला, घड्या मोडा. कसर, ती कापड खाणारी कीड, अंधारात वाढते, तिला लोकर फार आवडते,” एवढेच मावशी पुन्हा पुन्हा सांगत.

एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, “मावशी, भोकंच पडली नाहीत तर आम्ही शिवायचं काय? तुमचं डोकं?”

वर्ग हसला. दारावरून जाणाऱ्या सुईबाईही हसल्या.

त्या वर्षी एक लोकरीची शाल आली. सुईबाईंनी स्वतः रफू केले, विद्यार्थिनींना बोलावून दाखवले. शाल घरी गेली. चार महिन्यांनी परत आली. पुन्हा रफू, पुन्हा वाहवा. तिसऱ्यांदा आली तेव्हा सुईबाईंनी टाका घातला आणि तो निसटला. दुसरा घातला, तोही निसटला. टाका धरायला लोकरच उरली नव्हती.

“राहू द्या, बाई,” शाल म्हणाली. “तुमचा हात हलका. कधी दुखलं नाही. पण मी राहते कुठं, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत.”

“कुठं राहता?”

“पेटीत, अगदी तळाशी. सगळी पेटी कसरीनं भरली आहे. तुम्ही मला बरी करून परत तिथंच धाडत होता.” शालीला धाप लागली. “माझं जाऊ द्या. माझ्या शेजारी एक झबलं आहे. अजून कुणाच्या अंगावरसुद्धा चढलेलं नाही.”

सुईबाईंना मान वर करवेना. भोवती विद्यार्थिनी टाका बघायला उभ्या होत्या, आणि बघण्यासारखे काही नव्हते. दुपारपर्यंत शाल त्यांच्यासमोर विरून गेली.

संध्याकाळी त्या पडवीत गेल्या.

“मावशी, त्या दिवशी मी पण हसले होते.”

“ऐकू आलं होतं,” मावशी म्हणाल्या. मग त्यांनी विचारले, “पेटी कुठं आहे?”

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेची घंटा झाली तेव्हा वर्ग रिकामे होते. उघड्या पेटीत ऊन पडले होते. पालामावशी झबल्याची एकेक घडी उलगडत पुढे चालल्या होत्या, आणि दोरा ओवलेल्या सुईबाई, सगळ्या विद्यार्थिनींना घेऊन, त्यांच्या मागून.